आवडता लेखक व अनोळखी लेखक
(अवांतर वाचनाच्या तासासाठी)

मुलास वाचनाची गोडी बहुधा एकाच लेखकामुळे लागते. ती गोडी मोडू नये, हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय. ती एकाच ठिकाणी अडकून पडू नये, हे दुसरे.

ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईच्या कामगारांसाठी वाचनालये व रात्रशाळा चालविल्या. पुस्तक वाचकाच्या वस्तीपर्यंत गेले पाहिजे, हे तिने ओळखले होते. शिवडीसारख्या श्रमिकांच्या वस्तीत आजही पुष्कळ मुलांस घरी पुस्तक नसते. शाळेचे कपाट हाच त्यांचा ग्रंथसंग्रह. अशा मुलाने त्यातील आवडत्या लेखकाची चारपाच पुस्तके संपविली, की त्याचे वाचनच थांबण्याचा संभव असतो. सुटलेली सवय पुन्हा लावणे फार कठीण.

यास उपाय म्हणजे ओळखीचा धागा धरून पुढे नेणे. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आवडणाऱ्या मुलास भागवतांनीच मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या द्याव्यात. लेखणी ओळखीची, प्रदेश मात्र नवा. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) ज्यास भावली, त्यास वरच्या इयत्तेत नारायण सुर्वे यांच्या निवडक कविता वाचून दाखवाव्यात. सुर्वे गिरणगावात वाढले, शाळेत शिपाई होते व पुढे शिक्षक झाले. आपल्या गल्लीतील जीवनही पुस्तकात येते, हे मुलास त्यातून प्रथमच उमगेल.

शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. आवडत्या लेखकाची तीन पुस्तके झाल्यावर एक अनोळखी लेखकाचे, असा साधारण क्रम ठेवावा.

२. शनिवारी नव्या पुस्तकाची पहिली दोन पाने मोठ्याने वाचून रंगात आली असता थांबावे.

३. वीस पाने वाचूनही पुस्तक न रुचल्यास ते परत करण्याची मुभा द्यावी. त्याबद्दल रागावू नये.

४. आवडते पुस्तक पुन्हा मागणाऱ्या मुलास ‘हे तर वाचले आहेस’ असे म्हणू नये. पुनर्वाचनाने भाषा मुरते.

नव्या लेखकाची सक्ती केल्यास मूल जुन्यालाही मुकते. म्हणून जुन्याचा हात सुटू न देता नव्याची ओळख करून द्यावी. आजचा अनोळखी लेखक हाच कदाचित त्याचा उद्याचा आवडता लेखक ठरेल.