गौरव म्हणजे वजन

शास्त्रपाठ : १ शमुवेल २:२७-३० व ४:१०-२२
मननासाठी : निर्गम ३३:१८-१९, योहान १२:२३-२८, २ करिंथ ४:१७



बडोद्यात आम्ही राहतो त्या वस्तीचे नाव अलकापुरी. पुराणांत ही धनपती कुबेराची नगरी. १८९० साली पूर्ण झालेला लक्ष्मीविलास राजवाडाही याच शहरात आहे. तेव्हा वैभव, ऐश्वर्य, थोरवी हे शब्द इथल्या मुलांना समजावून सांगणे सोपे, असे आम्हांला वाटत असे.

एका रविवारी शब्बाथशाळेत आम्ही विचारले, "देवाचे गौरव म्हणजे काय?" आमची मुले घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि शाळेत इंग्रजी बोलतात. एक मुलगी म्हणाली, "सर, ग्लोरी म्हणजे लाइटिंग!" वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण घरी परतताना मनाला टोचणी लागली. प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी हा शब्द आपण दर रविवारी उच्चारतो. मग त्या मुलीपेक्षा बरे उत्तर आमच्यापाशी तरी कोठे होते? त्या टोचणीतून हा पाठ तयार झाला आहे.

१. उंचीचे आणि झगमगाटाचे शब्द

इंग्रजीत थोरवीचे शब्द पुष्कळ आहेत. हायनेस म्हणजे सरळसरळ उंची. मॅजेस्टी हा शब्द लॅटिनमधील 'अधिक मोठा' या अर्थाच्या शब्दावरून आला. ग्रँड म्हणजे मोठा, भव्य. ग्लोरीच्या मुळाशी कीर्ती आहे. आपल्या मराठीतही महिमा म्हणजे मोठेपण, ऐश्वर्य म्हणजे धनीपण, तर प्रताप या शब्दात ताप म्हणजे उष्णता आहे. हे सारे शब्द चांगले आहेत आणि देवाला शोभणारे आहेत. पण उंची, आकार आणि प्रकाश या गोष्टी लांबूनही दिसतात. त्यांच्याकडे पाहावे, थक्क व्हावे आणि आपल्या वाटेने निघून जावे, असेही होऊ शकते.

शिवाय माणसांनी दिलेली उंची माणसे काढूनही घेतात. इंग्रजी अमलात बडोद्याच्या महाराजांना 'हिज हायनेस' म्हणत व २१ तोफांची सलामी देत. 'मॅजेस्टी' हा मान मात्र बादशहासाठी राखून ठेवलेला होता. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे संपले. तोफा थांबल्या. पण तिसऱ्या सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले, त्याची आठवण लोक आजही काढतात. सलामीचा आवाज विरला. कामाचे वजन राहिले.

२. वजनाचा शब्द

वजन हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. जुन्या करारात गौरवासाठी नेहमी येणारा इब्री शब्द 'काबोद' हा आहे, आणि त्याच्या धातूचा अर्थ जड असणे असा आहे. आता आपला शब्द पाहा. संस्कृतात 'गुरु' म्हणजे जड, त्यावरूनच 'गौरव'. शाळेत मुले गुरुत्वाकर्षण शिकतात, त्यातला गुरु तोच. म्हणजे इंग्रजी ग्लोरीपेक्षा आपला गौरव हा शब्द या बाबतीत इब्री शब्दाच्या अधिक जवळचा आहे. हे धन आपल्या घरात आहे, आणि ते आपण मुलांना दाखवीत नाही.

"त्यांच्या शब्दाला वजन आहे," असे आपण म्हणतो. म्हणजे काय? त्यांनी सांगितले की घरातले निर्णय बदलतात. देवाचे गौरव करणे म्हणजे आपल्या निर्णयांत त्याला वजन देणे.

३. एलीचे घर

आता शास्त्रपाठाकडे वळू. एली चाळीस वर्षे इस्राएलाचा न्यायाधीश होता. त्याचे पुत्र अर्पणातील मांस देवाच्या आधी आपल्यासाठी घेत. एलीने त्यांना बोल लावला, पण आवरले नाही. तेव्हा देवाच्या माणसाने येऊन सांगितले की, तू माझ्यापेक्षा आपल्या पुत्रांचा मान अधिक राखतोस. २:३० मधील इब्री शब्द तर तराजूचेच आहेत : जे देवाला जड मानतात त्यांना तो जड करील, आणि जे त्याला तुच्छ मानतात ते हलके ठरतील.

पुढे चौथ्या अध्यायात कोश पलिष्ट्यांच्या हाती गेल्याचे ऐकताच एली आसनावरून मागे पडला आणि मान मोडून मेला. तो म्हातारा व जड होता, असे शास्त्र सांगते. हा 'जड' शब्दही त्याच धातूचा आहे. त्याच दिवशी जन्मलेल्या नातवाचे नाव ठेवले ईखाबोद. काबोद राहिले नाही, असा त्या नावाचा भाव. घरातल्या माणसांचे वजन वाढत गेले आणि देवाचे वजन नाहीसे झाले.

४. आपले घर

हा पाठ लिहिताना आम्ही एलीवर बोट ठेवू शकलो नाही. आमचा मुलगा दहावीत होता, तेव्हा त्याचा शिकवणीचा वर्ग रविवारी सकाळी असे. "एकच वर्षाचा तर प्रश्न आहे," असे म्हणून आम्ही त्याला तिकडे पाठविले आणि स्वतः उपासनेत गौरवाची गीते मोठ्याने गायिली. वर्ष संपले, पण रविवारची सवय परत आली नाही. आम्ही बोललो, पण उशिरा, एलीसारखेच. अभ्यास वाईट नव्हे. पण पारडे कोणत्या बाजूस झुकते, हे मुलाला आमच्या गीतांवरून नव्हे, आमच्या वेळापत्रकावरून कळले.

५. आशा

मोशेने गौरव पाहू मागितले, तेव्हा देवाने आपले सर्व चांगुलपण त्याच्यापुढून नेण्याचे वचन दिले. आणि आपले गौरव होण्याची वेळ आली आहे, असे प्रभू येशू बोलला, ते मरण समोर दिसत असताना. त्या गौरवात तोफा नव्हत्या, दिवे नव्हते. आपल्या पापाचा भार होता, आणि तो त्याने उचलला. म्हणूनच पौल दुःखाला हलके आणि येणाऱ्या गौरवाला भारी म्हणू शकला. जे वजन आपण देवाला दिले नाही, त्याची क्षमाही तेथेच आहे. आमची प्रार्थना अजून चालू आहे.

शिक्षकांसाठी : वर्गात एक तराजू न्या. एका पारड्यात दगड व दुसऱ्यात पीस ठेवा आणि गौरव या शब्दाचा अर्थ मुलांकडूनच काढून घ्या. मग विचारा : गेल्या आठवड्यात देवासाठी आपण कोणती एक गोष्ट बदलली? प्रथम स्वतःचे उत्तर सांगा.

प्रार्थना : हे प्रभू, तुझे नाव आमच्या ओठांवर हलके होऊ देऊ नकोस. आमच्या घरात तुझ्या शब्दाला वजन असू दे. आमेन.