मोटारीचे धक्काशोषक : झीज कशी ओळखावी, बदल कसा करावा

गोव्यातून बेळगावकडे जाणारे अनमोड व चोर्ला हे दोन्ही घाट वळणांचे आहेत. पावसाळा सरता सरता अशा रस्त्यांवर खळगे पडतात आणि प्रवाशांनी भरलेल्या जीपगाड्यांना त्यांतूनच वाट काढावी लागते. गाडी नेहमीपेक्षा अधिक उसळू लागली, तर बहुधा दोष रस्त्याला दिला जातो. पुष्कळदा मात्र तो गाडीखालच्या एका लहानशा भागात दडलेला असतो. हा भाग म्हणजे धक्काशोषक, अर्थात शॉक ॲब्सॉर्बर. गॅरेजच्या बोलीत त्याला ‘शॉकअप’ म्हणतात.

कार्य कोणते?

धक्काशोषक गाडीचा भार पेलतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. भार पेलण्याचे काम पाट्यांचे अथवा स्प्रिंगचे होय. परंतु एकदा दाबली गेलेली स्प्रिंग लगेच स्थिर होत नाही. ती वरखाली होतच राहते. हे हेलकावे आवरणे हे धक्काशोषकाचे कार्य आहे. त्याच्या नळीत तेल असते. गाडी हलली की आतील दट्ट्या सरकतो आणि तेलाला बारीक छिद्रांतून व झडपांतून वाट काढावी लागते. या विरोधामुळे हालचालीतील शक्तीचे उष्णतेत रूपांतर होते आणि हेलकावा शमतो.

झडपा झिजल्या किंवा तेल गळून गेले म्हणजे हा विरोध उरत नाही. चाक रस्त्यावर नाचू लागते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. त्या सेकंदाचा काही अंश जरी चाक अधांतरी राहिले, तरी तेवढ्या काळात त्या चाकाच्या ब्रेकचा व सुकाणूचा उपयोग होत नाही. घाटातील ओल्या वळणावर याचा परिणाम काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून धक्काशोषकाचा प्रश्न हा सुखाचा नसून सुरक्षिततेचा आहे.

पारख

पुढील लक्षणांवर चालकाने लक्ष ठेवावे :

१. ब्रेक लावताच गाडीचे नाक खाली जाणे, वळणावर गाडी फार कलणे, खळगा ओलांडल्यावरही ती डोलत राहणे.

२. टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडणे.

३. नळीवरून तेल ओघळणे. किंचित ओलसरपणा हा दोष नव्हे. पावसाळ्यात चिखलामुळे फसगत होते. म्हणून नळी पुसून काढावी व दोन-चार दिवस गाडी चालवून पुन्हा पाहावी.

४. नळीस पोचा, वाकलेला दांडा, अथवा दोन्ही टोकांचे रबरी बुश फाटून खडखडाट होणे.

उभ्या गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडून पाहण्याची रीत जुनी आहे. कोपरा वर येऊन स्थिरावला तर ठीक. दोन-तीन वेळा डोलला तर संशय घ्यावा. मात्र या परीक्षेत उत्तीर्ण झालेला धक्काशोषकही निकामी असू शकतो. म्हणून इतर लक्षणेही पाहावीत. गाडी उभी असतानाच एका बाजूस कलत असेल, तर दोष बहुधा पाट्यांचा वा स्प्रिंगचा असतो. तेथे धक्काशोषक बदलून उपयोग होणार नाही.

बदल

मागील बाजूस पाटे असलेल्या जीपचे धक्काशोषक बदलणे फारसे कठीण नाही. गाडी सपाट व टणक जागी उभी करावी आणि पुढील चाकांच्या दोन्ही बाजूंस ठोकळे लावावेत. जॅकने मागील भाग उचलून ॲक्सलखाली भक्कम स्टँड ठेवावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कदापि शिरू नये. गंजलेल्या नटांना आदल्या दिवशीच गंज सोडविणारे तेल लावावे.

जुना धक्काशोषक काढल्यावर नव्याची लांबी व बुश त्याच्याशी ताडून पाहावेत. तेलाचा नवा धक्काशोषक उभा धरून काही वेळा पूर्ण ताणावा व दाबावा, म्हणजे आतील हवा निघून जाते. नट प्रथम हातानेच फिरवावेत. गाडीचा भार ॲक्सलवर असतानाच ते पक्के आवळावेत. ॲक्सल लोंबकळत असताना आवळल्यास रबरी बुश पिळले जाऊन लवकर फाटतात. एका ॲक्सलवरचे दोन्ही धक्काशोषक एकाच वेळी बदलावेत. एक नवा व एक जुना ठेवल्यास गाडी दोन्ही बाजूंना सारखी वागत नाही.

ज्या मोटारींत धक्काशोषक स्प्रिंगच्या आत बसविलेला असतो, त्यांचे काम माहीतगार कारागिराकडेच सोपवावे. दाबलेली स्प्रिंग अचानक सुटली तर जीवघेणी इजा होऊ शकते. वायू भरलेला जुना धक्काशोषक तापवू वा कापू नये. गळालेले तेल शेतात वा विहिरीजवळ सांडू देऊ नये.

मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये प्रवासी वाहनास योग्यता प्रमाणपत्र आवश्यक आहे. परंतु तपासणीचा दिवस वर्षातून क्वचितच येतो. खळगे मात्र रोज भेटतात. शाळेची मुले वा गावकरी घेऊन निघणाऱ्या चालकाने आठवड्यातून एकदा गाडीखाली डोकावून पाहण्याची सवय लावून घेतली, तर अनेक जीव सुखरूप घरी पोहोचतील.