रानडुकराचे मांस, कोंबडीची कलेजी आणि एका विद्यार्थ्याचा प्रश्न

‘सर, रानडुकराच्या मांसात जास्त ताकद असते, की कोंबडीच्या कलेजीत?’ हा प्रश्न मुलुंडच्या एका मुलाने मला विचारला, तेव्हा शेजारी बसलेल्या त्याच्या आईच्या चेहऱ्यावर संकोच उमटला. कारण बारावीची गुणपत्रिका, चार महाविद्यालयांची माहितीपत्रके आणि ‘नीट’मध्ये कमी पडलेल्या गुणांचा हिशेब एवढे दप्तर बरोबर घेऊन त्या आल्या होत्या त्या मुलाच्या भवितव्याची काही तजवीज व्हावी म्हणून, आणि चिरंजीव मात्र खाण्यापिण्याच्या गोष्टी काढून बसले होते. मुलाचे म्हणणे असे की, शहापूरकडच्या त्याच्या आजोबांच्या मते पूर्वी रानातल्या शिकारीचे मांस खाणारी माणसे काटक निपजत आणि हल्लीच्या कोंबडीत काही अर्थ उरलेला नाही. उलट आजी म्हणते की अंगात रक्त भरायचे तर कलेजीसारखे दुसरे काही नाही. आणि वडील दर रविवारी स्टेशनजवळच्या दुकानातून कलेजी-पेटा आणतात तो केवळ स्वस्त पडतो म्हणून. या तिघांपैकी खरे कोण, हे त्याला हवे होते. मी त्या माउलींना सांगितले, ‘ताई, गुणपत्रिका बाजूला ठेवा, तुमच्या मुलाने आत्ता जे विचारले, त्यातच त्याच्या शिक्षणाची दिशा असण्याचा संभव आहे.’ हा लेख त्या दुपारच्या बोलण्याचाच विस्तार आहे.

प्रश्नाचे पहिले उत्तर कायद्याच्या दप्तरात आहे. मुलुंडच्या त्या घराच्या गच्चीवरून जी डोंगररांग दिसते, तिच्या पाठीशी पार बोरिवलीपर्यंत सुमारे 104 चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. चितळ, सांबर, रानडुक्कर आणि बिबट्या ही त्या रानाची रहिवासी मंडळी. एके काळी परवाना काढून शिकार करण्याची मुभा होती. मुंबई राज्याने 1951 साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि 1972 च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण अधिनियमाने पुढे शिकारीस जवळजवळ सर्वथा प्रतिबंध केला. त्या अधिनियमाची एक तरतूद मुलांना फार नवलाची वाटते, ती अशी की मारलेला वन्य प्राणी आणि त्याचे मांसदेखील सरकारची मालमत्ता ठरते. म्हणजे आजोबांची गोष्ट खरी असली तरी ती आठवणीतच राहिली पाहिजे, ताटात नव्हे. आणि या बाबतीत पालकांनी मुलांसमोर कोणत्याही प्रकारची सवलत मनात धरू नये.

मग ज्या मांसाला हात लावण्याची परवानगी नाही, त्याची तुलना करायची कशी? येथे शास्त्राची शिस्त सुरू होते. आपल्याकडे अन्नघटकांच्या मोजणीची परंपरा जुनी आहे: रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी 1918 साली कुन्नूर येथे जे लहानसे संशोधन केंद्र सुरू केले, त्याचीच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली, ती 1958 मध्ये हैदराबादेस गेली, आणि 2017 साली तिने 528 भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांची कोष्टके प्रसिद्ध केली. शिकारीच्या मांसाचे विपुल आकडे मात्र परदेशी कोष्टकांतून घ्यावे लागतात. अमेरिकेत परवान्याने शिकार चालते आणि न्यूझीलंडमध्ये तर हरणे कुरणात पाळली जातात. तेव्हा विद्यार्थ्याने प्रथम हे ध्यानात ठेवावे की तिकडचे तांबडे हरीण म्हणजे आपले सांबर नव्हे, आणि कुरणात चरणाऱ्या प्राण्याच्या अंगची चरबी रानात धावणाऱ्याच्या अंगी असेलच असे नाही.

अमेरिकी कोष्टकांप्रमाणे शंभर ग्रॅम कच्च्या हरणाच्या मांसात प्रथिने सुमारे 23 ग्रॅम, चरबी अडीच ग्रॅमच्या आत आणि लोह सुमारे 3.4 मिलिग्रॅम, रानडुकराच्या मांसात प्रथिने सुमारे 21.5 ग्रॅम आणि चरबी 3.3 ग्रॅम. कोंबडीच्या कलेजीत प्रथिने केवळ 17 ग्रॅमच्या आसपास, परंतु लोह 9 मिलिग्रॅम, फोलेट 588 मायक्रोग्रॅम, ब-12 जीवनसत्त्व 16 मायक्रोग्रॅमहून अधिक आणि अ-जीवनसत्त्व जवळजवळ 3300 मायक्रोग्रॅम. दुकानदार ज्या पेट्याला कलेजीसोबत एकाच पिशवीत घालून देतो, त्याच्यात प्रथिने कलेजीइतकीच किंवा किंचित जास्त असली तरी लोह जेमतेम अडीच मिलिग्रॅम. स्नायू आणि यकृत यांची कामे शरीरात भिन्न आहेत म्हणून हा फरक पडतो: स्नायू आकुंचन पावण्यासाठी घडलेला, तर यकृत हे शरीराचे कोठार, जेथे लोह आणि जीवनसत्त्वे साठवली जातात. प्रथिनांच्या बाबतीत आजोबा बरोबर, रक्ताच्या बाबतीत आजी बरोबर. आणि ‘ताकद’ नावाचे एकक कोणत्याही प्रयोगशाळेत नाही, हे मुलाला स्वतःहून उमगले तेव्हा त्याचे डोळे लकाकले.

हा हिशेब पुस्तकी नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली ठरवून दिल्याप्रमाणे प्रौढ स्त्रीस दररोज 29 मिलिग्रॅम लोहाची गरज असते, आणि 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वर्षे वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. मांसातील लोह डाळी-भाज्यांतील लोहापेक्षा शरीरात अधिक सहज शोषले जाते. असे असता, मांसाहारी गरीब कुटुंबाला परवडणारी कलेजी ही क्षुल्लक वस्तू कशी म्हणावी? पण त्याच वाटीत धोकाही आहे: प्राणिज अ-जीवनसत्त्वाची प्रौढांसाठी सामान्यतः मानलेली दैनिक कमाल मर्यादा 3000 मायक्रोग्रॅम आहे आणि शंभर ग्रॅम कलेजी ती ओलांडते, गर्भवतीने अशा अतिरेकापासून दूर राहावे, कारण त्याने गर्भाला अपाय होऊ शकतो, आणि ज्यांना युरिक ॲसिडचा त्रास आहे त्यांनीही जपून असावे. तीच वस्तू एकीला औषध आणि दुसरीला अपथ्य कशी ठरते, हे आकड्यानिशी, शांतपणे आणि कोणालाही न घाबरवता सांगता येणे, हेच आहारतज्ज्ञाचे खरे काम होय.

या विषयाचा एक थोर अध्याय आपल्याच शहरात लिहिला गेला, आणि तो मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. 1928 च्या सुमारास ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून गिरणी कामगार वर्गातील गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या एका भयंकर रक्तक्षयाचा शोध घेऊ लागल्या. त्या काळी अमेरिकेत यकृत खायला घालून एका वेगळ्या असाध्य रक्तक्षयावर उपाय सापडला होता, ज्यासाठी व्हिपल, मिनॉट आणि मर्फी यांना पुढे 1934 चे नोबेल पारितोषिक मिळाले. विल्स यांनी या स्त्रिया काय खातात, कोणत्या समाजातल्या किती जणी आजारी पडतात, याच्या नोंदी घरोघरच्या आहारापर्यंत जाऊन केल्या, आणि निरनिराळे पदार्थ एकेक करून पारखले. यकृताचा उपयोग झाला, पण यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थानेही तोच गुण आला, आणि 1931 साली त्यांनी तसा निबंध प्रसिद्ध केला. त्या अज्ञात द्रव्याला शास्त्रज्ञ ‘विल्स घटक’ म्हणू लागले. 1941 मध्ये पालकाच्या पानांतून जे वेगळे काढले गेले ते फोलिक ॲसिड त्याच कुळातले. आज गर्भवतीला सरकारी दवाखान्यातून जी लोह आणि फोलिक ॲसिडची गोळी मिळते, तिच्या इतिहासात परळच्या एका प्रयोगशाळेचा वाटा आहे, आणि तो एका साध्या प्रश्नातून आला: या पदार्थात असे काय आहे, जे त्या पदार्थात नाही? त्या मुलाच्या प्रश्नाची जातकुळी याच प्रश्नाची आहे, असे मी त्याच्या आईला मुद्दाम सांगितले.

आता मार्गांविषयी. मुलींसाठी उपनगरातच उत्तम सोय आहे: महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1916 साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचा, म्हणजे एसएनडीटीचा, जुहूचा परिसर सांताक्रूझ स्टेशनपासून फार दूर नाही, आणि तेथे गृहविज्ञानापासून अन्न व पोषणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासापर्यंत शिकता येते. मुलग्यांना ते दार बंद असले तरी रसायनशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवावी आणि पुढे हैदराबादच्या पोषण संस्थेतील उपयोजित पोषणशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा विचार करावा. अन्नप्रक्रियेची ओढ असेल तर माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे; मासळीकडे मन असेल तर अंधेरी–वर्सोव्याची 1961 साली स्थापन झालेली मत्स्यशिक्षण संस्था पदवीनंतर दार उघडते.

परंतु या मुलासाठी मला अधिक योग्य वाटला तो पशुवैद्यकाचा मार्ग, आणि त्याविषयी जरा थांबून लिहितो, कारण पालकांना तो क्वचितच सुचतो. 1886 पासून परळला असलेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आज नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे, प्रवेश ‘नीट’च्याच गुणांवर होतो, म्हणजे एमबीबीएससाठी कमी पडलेले गुण येथे उपयोगी पडू शकतात, आणि आंतरवासितेसह साडेपाच वर्षांच्या या अभ्यासात पशुजन्य पदार्थांचे शास्त्र आणि मांसाची तपासणी हे विषय मोडतात. देवनारचा कत्तलखाना 1971 पासून चालू आहे. अशा ठिकाणी पशुवैद्य जनावर जिवंत असताना पाहतो आणि कापल्यावरही पाहतो. तेव्हा यकृताकडे त्याचे विशेष लक्ष असते: पृष्ठभाग गुळगुळीत आहे की डागाळलेला, कापल्यावर पित्तनलिकांत कृमी दिसतात काय, कोठे गळू आहे काय. एक डागाळलेले यकृत बाजूला काढणे म्हणजे कोणाच्या तरी ताटातला रोग टाळणे होय. याच ज्ञानाच्या बळावर, 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील अधिकाऱ्याच्या पदासाठी लोकसेवा आयोगाची परीक्षाही पुढे देता येते. आणि ज्याला आजोबांच्या रानाविषयी ममत्व आहे, त्याने हेही जाणावे की जप्त केलेल्या शिजलेल्या मांसाच्या तुकड्यातील डीएनएवरून प्राणी ओळखण्याचे शास्त्र हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले असून, चोरट्या शिकारीच्या खटल्यांत त्याचा पुरावा दाखल होतो.

घाटकोपरच्या एका शाकाहारी कुटुंबातील वडिलांनी मला कळवळून विचारले होते की, मुलीला मांस हाताळावे लागेल काय. आहारशास्त्रात रुग्णाच्या ताटातील मांसाचे मूल्य जाणावे लागते, स्वतः ते खावे लागत नाही. पशुवैद्यकात मात्र शवविच्छेदन चुकत नाही. घराच्या श्रद्धेला जे जड जाईल ते आधी स्पष्ट बोलून घ्यावे. रुग्णालयातील आहारतज्ज्ञाचे आरंभीचे वेतन बेताचे असते, हेही मी लपवत नाही. पदव्युत्तर शिक्षण आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणी यांनंतरच पाय स्थिरावतात.

जाताना मी त्या मुलाला एक काम दिले. आठवड्याने तो वही घेऊन आला: शंभर ग्रॅम कलेजी घरच्या काट्यावर तोलली, शिजवली, निथळून पुन्हा तोलली, तर भरली 69 ग्रॅम. ‘सर, उरलेले गेले कुठे?’ असे विचारण्यापूर्वीच त्याने खाली लिहून ठेवले होते की बहुतेक ते पाणी असावे, आणि म्हणून कच्च्या मांसाचे आकडे शिजलेल्या मांसाच्या आकड्यांशी जोडून पाहणे चुकीचे. पुष्कळ शिकलेली माणसे जी चूक करतात, ती त्याने आईच्या स्वयंपाकघरात पकडली होती.

पालकहो, अर्जाची मुदत संपण्याआधी एखादा रविवार मोकळा काढा. मुलाला काटा, वही आणि कलेजी द्या, घर शाकाहारी असेल तर राजमा किंवा पालक द्या, आणि तो काय लिहितो ते त्याला न टोकता वाचा. प्रवेशाचा निर्णय त्यानंतर घ्या.