‘सीडी’ केलं, तरी फोल्डर तेच!

प्रश्न : जावा प्रोग्रॅममधून एसएसएचने सर्व्हरवर आधी ‘सीडी’ आणि मग ‘एलएस’ चालवतो. पण यादी होम फोल्डरचीच येते. काय चुकतंय?

उत्तर : एसएसएचमध्ये कमांड चालवणारा ‘एक्झेक’ चॅनल एकदाच वापरता येतो. कमांड संपली की तिचं शेलही संपतं आणि ‘सीडी’चा परिणाम त्याच्याबरोबरच जातो. पुढचा चॅनल पुन्हा होम फोल्डरपासूनच सुरू होतो.

एकमेकींवर अवलंबून असलेल्या कमांड ‘&&’ने जोडून एकाच ओळीत पाठवा. पहिली फसली, तर पुढची चालणारच नाही. अर्धविराम वापरलात, तर मात्र ‘सीडी’ फसूनही पुढची कमांड चालेल. ती फायली पुसणारी असेल, तर भलत्याच फोल्डरवर नांगर फिरेल. कमांड स्वतंत्र असतील, तर सेशन एकच ठेवा आणि प्रत्येकीसाठी नवा चॅनल उघडा. लॉगिन पुन्हा करावं लागत नाही. ‘शेल’ चॅनलमध्ये फोल्डर टिकतं, पण आउटपुटमध्ये प्रॉम्प्टही मिसळतो, म्हणून हा चॅनल शक्यतो टाळा.

आउटपुट आणि एरर हे दोन्ही प्रवाह शेवटपर्यंत वाचा. न वाचल्यास बफर भरून कमांड अडकू शकते. चॅनल बंद झाल्यावरच एक्झिट कोड तपासा. शून्य म्हणजे काम फत्ते.