चालतं कर्नल थांबवताना

बाळा, म्हशाच्या जत्रेला घरी आलीस आणि ओटीवर लॅपटॉप उघडून बसलीस, तेही कर्नलच्या ब्रेकपॉइंटशी झुंजत! चहा उकळेपर्यंत आत्याचं ऐक. थांबवणाऱ्याला आधी सोडता यावं, हे पहिल्या पानावर लिही.

१. नवं काही आधी क्यूएमूमध्येच चालवून बघ, आणि कर्नलचे पत्ते दर बूटला हलवणारं केएएसएलआर बंद ठेव — नाहीतर ब्रेकपॉइंट लागेल एकीकडे आणि तू वाट बघशील दुसरीकडे.

२. मूळ बाइट कुठे जपून ठेवलाय ते ब्रेकपॉइंट लावण्याआधी बघ — एक्स८६ वर त्याच्या जागी इंट३ चा एकच बाइट बसतो, आणि मूळ हरवला तर तिथली सूचना परत मिळत नाही.

३. एक्स८६ वर ट्रॅप आला की सूचनेचा पत्ता एकने मागे घे — प्रोसेसर तेव्हा इंट३ च्या पुढच्या बाइटवर उभा असतो, तिथून सोडलास तर सूचनेच्या मध्येच शिरेल. आर्म-६४ वर पत्ता ब्रेकपॉइंटवरच असतो, तिथे ही वजाबाकी केलीस तर चांगलं चाललेलं बिघडवशील.

४. पुढे जाताना मूळ बाइट परत ठेव, ट्रॅप फ्लॅग चढवून एकच सूचना चालव, ब्रेकपॉइंट पुन्हा लाव, मग ट्रॅप फ्लॅग उतरव — घाईघाईत सोडलंस तर एकतर तिथेच अडकशील, नाहीतर ब्रेकपॉइंट एकदाच लागून गायब होईल.

५. त्या एका सूचनेपुरते बाकीचे कोअरही धरून ठेव. इथे मी जरा जास्त बोलणार, कारण सगळ्यात अवघड चूक हीच — बैलबाजारात एका खोंडाला धरून बाकीच्यांचे कासरे सोडावेत, तसे ते कोअर मोकळ्या जागेवरून निसटतात. असं क्वचितच घडतं, म्हणून तुला वाटत राहतं की कोड बरोबर आहे.

६. ब्रेकपॉइंट हाताळणारा कोड ज्या फंक्शनांना बोलावतो, तिथे ब्रेकपॉइंट लावू नकोस — ट्रॅपमध्ये ट्रॅप येत राहतो आणि स्टॅक संपतो. लिनक्सच्या केप्रोबने अशा फंक्शनांची मनाई-यादीच ठेवली आहे, ती निवांत वाच.

७. हार्डवेअर ब्रेकपॉइंट जपून वापर — एक्स८६ वर चारच मिळतात.

८. प्रोसेसरची पुस्तिका तळटीपांसकट वाच. वाचलं अर्धं, निस्तरलं दुप्पट — ‘मूव्ह एसएस’ नंतर डीबगचा अपवाद एका सूचनेने लांबतो, हे नीट न उमगल्याने मे २०१८ मध्ये लिनक्स, विंडोज, मॅकओएस सगळ्यांना दुरुस्त्या द्याव्या लागल्या.

९. दुरुस्ती लहान ठेव — लिनक्स कर्नल डीबग करणारं केजीडीबी २००० पासून अमित काळे यांनी आणि २००४ नंतर पुण्याच्या लिनसिससॉफ्टने सांभाळलं, मला त्याचा फार अभिमान आहे. पण मुख्य लिनक्समध्ये ते शिरलं २००८ साली, २.६.२६ मध्ये, तेही जेसन वेसल आणि इंगो मोलनार यांनी छाटून हलकं केल्यावर.

१०. झालं असं वाटलं की एकच फंक्शन सगळ्या कोअरवरून सतत बोलावत ठेव, आत एक मोजणी ठेव आणि ब्रेकपॉइंट किती वेळा लागला त्याच्याशी ताडून बघ — आकडे जुळले नाहीत तर पाचव्या मुद्द्यापाशी परत ये.