थेट जोडणीचा पंप व चुंबकीय जोडणीचा पंप

मोटारीची गती पंपातील पंख्याला, म्हणजे इंपेलरला, कशी पोहोचते यावरून पंपाचे दोन प्रकार पडतात. कोणता पंप कोठे लावावा, हे जाणण्यासाठी हा भेद नीट समजून घेतला पाहिजे.

थेट जोडणी : विहिरीवरील मोनोब्लॉक पंप या प्रकारात मोडतो. मोटारीचाच दांडा पंपाच्या कवचात शिरतो व त्याच्या टोकाला इंपेलर घट्ट बसविलेला असतो. त्यामुळे जोडणीत शक्ती वाया जात नाही. मात्र दांडा जेथे कवचात शिरतो तेथे सील बसवावे लागते. ते झिजले म्हणजे पाणी गळू लागते. दुर्लक्ष झाल्यास ते मोटारीत शिरून वाइंडिंग जळण्याचा संभव असतो.

चुंबकीय जोडणी : यात दांडा कवचात शिरतच नाही. मोटारीच्या दांड्यावर एक चुंबक आणि इंपेलरवर दुसरा चुंबक असून दोहोंमध्ये बंद भिंत असते. बाहेरचा चुंबक फिरला की त्याच्या ओढीने आतला फिरतो. दांड्याच्या वाटेने गळती होण्याचा प्रश्नच उरत नाही. इंपेलर अडकल्यास चुंबकांची पकड सुटते. मोटार फिरत राहते, परंतु द्रव पुढे जात नाही. अशा वेळी मोटार ताबडतोब बंद करावी. अन्यथा उष्णतेने चुंबक दुर्बल होतात.

गळत नाही तो पंप सर्वत्र चांगला, असा समज करून घेणे बरोबर नाही. चुंबकीय पंपाचे आतील बेअरिंग स्वच्छ द्रवावरच चालते. विहिरीच्या व नदीच्या पाण्यातील रेती-गाळाने ते झिजते आणि लोखंडाचे कण चुंबकाला चिकटतात. म्हणून ओलितासाठी थेट जोडणीचाच पंप योग्य होय. याउलट, ठिबक संचातील क्षार काढण्यासाठी आम्ल सोडावयाचे असल्यास सीलमधून गळणारे आम्ल माणसाचे हात भाजते व मोटार कुजविते. तेथे आम्लास टिकणाऱ्या प्लॅस्टिकच्या कवचाचा लहान चुंबकीय पंप उपयुक्त ठरतो. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये.

दोन्ही पंप कोरडे चालवू नयेत. पंप घेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास ग्रामकार्यकर्त्याने प्रथम एवढेच विचारावे : उपसावयाचे काय आहे, आणि ते किती स्वच्छ आहे? त्या उत्तरावरून निवड करणे सोपे जाईल.