श्रीताड : ज्या पानाने धम्म जपला

'ताडपत्र' म्हटले की आपल्याकडच्या ताडीचे झाड डोळ्यांपुढे येते. परंतु श्रीलंकेतील बौद्ध ग्रंथ मुख्यत्वे श्रीताडाच्या पानांवर लिहिले गेले. श्रीलंका व केरळच्या उष्ण, दमट प्रदेशातील हा वृक्ष सुमारे २५ मीटर उंच वाढतो. त्याचे एकेक पान ५ मीटरपर्यंत रुंद असते. ३० ते ८० वर्षांच्या आयुष्यात तो एकदाच फुलतो आणि फळे पिकल्यावर वठतो.

या पानांनी घरे शाकारली जात. पावसात तीच छत्री होई. म्हणूनच केरळात या झाडाला 'कुडप्पन', म्हणजे छत्रीचा ताड, म्हणतात. कँडीच्या राज्यात सुमारे १९ वर्षे बंदिवासात राहिलेल्या रॉबर्ट नॉक्सने १६८१ च्या आपल्या ग्रंथात, सैनिक या पानांचे तंबू करीत, असे नोंदविले आहे.

लेखनासाठी न उमललेले कोवळे पान घेत. त्याच्या पट्ट्या कापून, उकळून, वाळवून व घासून गुळगुळीत करीत. लोखंडी लेखणीने अक्षरे कोरून त्यांवर तेल व काजळी चोळली की ती काळी उठून दिसत. शेवटी पट्ट्यांना भोके पाडून त्या दोरीत ओवीत.

तथागतांचा उपदेश भिक्खूसंघाने शतकानुशतके मुखोद्गत राखला होता. इ.स.पू. पहिल्या शतकात, राजा वट्टगामणी अभयाच्या काळी, श्रीलंकेवर परचक्र व दुष्काळ ओढवला. पाठ करणारे भिक्खूच उरले नाहीत तर धम्म कोठे उरणार? तेव्हा त्रिपिटक लिपिबद्ध झाले. परंपरेनुसार हे कार्य मातलेजवळील आलुविहारात झाले. १९५० साली बाबासाहेब ज्या कँडीत जागतिक बौद्ध परिषदेस उपस्थित होते, तेथून हे स्थळ फार दूर नाही.

याच श्रीताडाचे कठीण बी आपल्याकडे 'बजरबट्टू' म्हणून ओळखले जाते. दृष्ट लागू नये म्हणून ते लहान मुलांच्या गळ्यात बांधीत. झाड एकच, पण त्याच्या पानाने ज्ञान तारले आणि बियाने भय पोसले. दोष झाडाचा नव्हे, माणसाच्या समजुतीचा.

आपल्या पूर्वजांना अक्षर नाकारले गेले. गंडेदोरे मात्र कोणी नाकारले नाहीत. या वसतिगृहात आपली मुले पाठविणाऱ्या आईवडिलांनी त्यांच्या गळ्यात ताईत नव्हे, हाती पुस्तक दिले. माजी विद्यार्थ्यांनी हा वारसा आपापल्या घरी पुढे चालवावा, एवढीच अपेक्षा.